डबीवरचा ‘नंबर ४’ आणि डॉ. शुस्लर यांनी वगळलेला क्षार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टमध्ये २१ तारीख जवळ आली की बाराक्षार पद्धतीचे, म्हणजे शरीरातल्याच क्षारांच्या सूक्ष्म मात्रेच्या गोळ्या देणाऱ्या उपचारपद्धतीचे जनक डॉ. विल्हेल्म हाइनरिख शुस्लर यांच्या जयंतीचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. हार घातलेले छायाचित्र आणि खाली चार ओळी. त्या चार ओळींत तीन गोष्टी हमखास चुकीच्या असतात. शुस्लर हे होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचे शिष्य होते, बारा क्षार त्यांनीच शोधून काढले आणि दुकानात मिळणारी १ ते २८ क्रमांकांची मिश्रणे त्यांनीच तयार केली, असे त्यात सांगितलेले असते. जयंतीच्या मजकुरात काय लिहिले याने कोणाचे काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. पण कोल्हापुरात देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात बाराक्षाराच्या डब्या असलेली घरे काही कमी नाहीत आणि त्या डब्यांवर घातलेल्या क्रमांकांचा घोळ थेट या माणसाच्या चरित्रातून आलेला आहे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

शुस्लर यांचा जन्म २१ ऑगस्ट १८२१ रोजी उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग प्रांतात, झ्विशनान या गावी झाला. हानेमान १८३५ मध्ये जर्मनी कायमची सोडून पॅरिसला गेले तेव्हा शुस्लर शाळकरी पोर होते. २ जुलै १८४३ रोजी पॅरिसमध्ये हानेमान वारले तेव्हा हे एकवीस वर्षांचे होते आणि वैद्यकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते भाषा शिकवून पोट भरत होते. रीतसर शाळा पुरी झालेली नव्हती, लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इंग्रजी वगैरे भाषा त्यांनी घरीच पुस्तकांवरून शिकून घेतल्या होत्या. वैद्यकाच्या वर्गात ते बसले ते तिशी ओलांडल्यावर. थोरल्या भावाने खर्च उचलला तो होमिओपॅथीच करायची या अटीवर, असे सांगितले जाते. पॅरिस, बर्लिन, गीसेन असे करत १८५५ मध्ये त्यांनी गीसेनहून पदवी मिळवली आणि पुढे प्रागला जाऊन आणखी अभ्यास केला.

पदवी हातात असूनही ओल्डेनबुर्गने त्यांना व्यवसायाचा परवाना दिला नाही. आधी शाळेची शेवटची परीक्षा पास व्हा, मग बघू, असे उत्तर मिळाले. डॉक्टर झालेला हा माणूस छत्तिसाव्या वर्षी, १८५७ मध्ये, मॅट्रिकच्या दर्जाच्या परीक्षेला पोरांच्या शेजारी बसला आणि पास झाला. त्यानंतर सरकारी वैद्यकीय परीक्षा दिली आणि १८५८ च्या सुरुवातीला ओल्डेनबुर्गमध्ये दवाखाना उघडला. जयंतीच्या संदेशांत हा प्रसंग कधीच नसतो. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला सांगण्यासारखा प्रसंग तोच आहे. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी याच गावात काढले. लग्न केले नाही, राहणी साधी ठेवली.

पुढची पंधरा वर्षे ते होमिओपॅथच होते. मार्च १८७३ मध्ये लाइपझिगच्या होमिओपॅथिक नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘संक्षिप्त होमिओपॅथिक उपचारपद्धती’ असा होतो. यातला ‘संक्षिप्त’ हा शब्द महत्त्वाचा. होमिओपॅथीच्या पेटीत तेव्हा शेकडो औषधे जमली होती आणि त्यातले नेमके निवडताना वैद्याचा जीव मेटाकुटीला येत असे. शुस्लर यांनी मांडले ते असे की मला एवढी औषधे नकोत, डझनभर पुरतात, आणि ती शरीरात मुळातच असलेल्या क्षारांची असावीत. लाइपझिगच्या लोरबाखर नावाच्या डॉक्टरांनी त्यावर टीका केली आणि हे नीट उलगडून सांगा, असे त्यांना आव्हान दिले. त्या उत्तरातून १८७४ ची छोटी पुस्तिका तयार झाली. तिच्या नावात मात्र ‘होमिओपॅथिक’ हा शब्द राहिला नाही. १८७६ मध्ये ते होमिओपॅथिक डॉक्टरांच्या संघटनेतूनही बाहेर पडले. आपली पद्धत होमिओपॅथी नव्हे, कारण ती ‘समाने समान बरे होते’ या तत्त्वावर नसून शरीरातल्या रासायनिक घडामोडींवर आधारलेली आहे, हे त्यांनी पुस्तिकेत स्वच्छ लिहून ठेवले. आज आपल्याकडे या गोळ्या होमिओपॅथीच्याच दुकानात, होमिओपॅथीच्याच परवान्यावर विकल्या जातात. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक आहे, पण त्यांच्या नावाने होमिओपॅथीचा गौरव करायचा म्हणजे भाडेकरूच्या नावाने घरमालकाचा सत्कार करण्यासारखे आहे.

त्यांची कल्पना समजायला फार रसायनशास्त्र लागत नाही. शेणी जळून गेल्या की जी राख उरते ती कशाची असते? जळणारा भाग जळून जातो आणि न जळणारे क्षार मागे राहतात. माणसाच्या शरीराचेही तसेच. त्या काळचे रसायनतज्ज्ञ स्नायू, हाड, रक्त वेगवेगळे जाळून कशाच्या राखेत काय सापडते याच्या याद्या करत होते. शरीरातला रोग म्हणजे पेशीतला बिघाड, हे रुडॉल्फ फिरखो यांनी १८५८ मध्ये मांडले होते. अवयवाची घडण त्यातल्या निरिंद्रिय द्रव्यांवर अवलंबून असते, हे याकोब मोलेशोट सांगत होते. शुस्लर यांनी या दोन गोष्टी एकत्र बांधल्या: पेशीतल्या क्षाराच्या रेणूंची हालचाल बिघडली की रोग, आणि तोच क्षार अगदी सूक्ष्म प्रमाणात दिला की पेशी पुन्हा अन्नातून येणारा क्षार घेऊ लागते. क्षार त्यांनी शोधलेले नाहीत. मीठ आणि वाळूतली सिलिका हानेमान यांनीच आधी वापरात आणली होती. शुस्लर यांचे काम निवडीचे होते.

निवड करणारा माणूस नंतरही वगळत राहतो. पहिल्या यादीत बारा क्षार होते: कॅल्शियमचे तीन, लोहाचा एक, पोटॅशियमचे तीन, मॅग्नेशियमचा एक, सोडियमचे तीन आणि सिलिका. त्यांच्या हयातीत पुस्तिकेच्या आवृत्त्या पंचविसाच्या घरात गेल्या आणि प्रत्येक वेळी ते काही ना काही बदलत होते. अखेरच्या काळात त्यांनी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपल्याकडचे कल्केरिया सल्फ, काढून टाकले. शरीररसायनाचे अभ्यासक बुंगे यांच्या म्हणण्यानुसार हा क्षार फक्त पित्तात आढळत होता, ऊतींचा कायमचा घटक नव्हता. मग माझ्या तत्त्वात तो बसत नाही, असे म्हणून त्यांनी त्याचे काम सिलिका आणि नॅट्रम फॉस (सोडियम फॉस्फेट) यांच्याकडे सोपवले. म्हणजे ज्यांना आपण ‘बारा क्षारांचे जनक’ म्हणतो, ते ३० मार्च १८९८ रोजी ओल्डेनबुर्गमध्ये वारले तेव्हा त्यांच्या यादीत अकराच क्षार होते.

आता डबीवरच्या क्रमांकाकडे येऊ. अनुयायांनी वगळलेला क्षार पुढे परत घेतला, पण जर्मनीत त्याला रांगेच्या शेवटी बसवले. त्यामुळे जर्मन क्रमांकांत कल्केरिया सल्फ बारावा आहे आणि उरलेले अकरा लॅटिन नावांच्या वर्णक्रमाने लागतात: १ कल्केरिया फ्लोर, २ कल्केरिया फॉस, ३ फेरम फॉस, ४ काली मूर, ५ काली फॉस, ६ काली सल्फ, ७ मॅग फॉस, ८ नॅट्रम मूर, ९ नॅट्रम फॉस, १० नॅट्रम सल्फ, ११ सिलिका. आपल्याकडे मात्र बाराही क्षार सरळ वर्णक्रमाने मोजायची सवय आहे. तसे मोजले की कल्केरिया सल्फ तिसऱ्या जागेवर येतो आणि त्याच्या पुढचा प्रत्येक क्षार एका घराने सरकतो. फेरम फॉस चौथा होतो, काली मूर पाचवा, आणि सिलिका बारावी. तिसरी यादी मिश्रणांची. अनेक क्षार एकत्र केलेल्या या मिश्रणांना बायो-कॉम्बिनेशन म्हणतात आणि त्यांच्या १ ते २८ क्रमांकांत ४ म्हणजे बद्धकोष्ठावरचे मिश्रण.

महाद्वार रोडवरून आणलेल्या एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीवर स्केचपेनने फक्त ‘नं. ४’ लिहिलेले आहे, असे समजा. जर्मन पुस्तकाच्या अनुवादावरून औषध ठरवणाऱ्याला ती काली मूरची डबी वाटेल, वर्णक्रमाने शिकलेल्याला फेरम फॉसची आणि मिश्रणे वापरणाऱ्याला बद्धकोष्ठाची. आत डोकावून काही कळत नाही. सगळ्या गोळ्या पांढऱ्या, सारख्या आकाराच्या आणि गोडसर. राजारामपुरीतली सून फोनवरून कागलच्या सासूबाईंना ‘पोराला नंबर चार द्या’ म्हणते, तेव्हा तिकडे कोणती डबी उघडली जाईल हे फोनवर कोणालाच ठरवता येत नाही. सुदैवाने यातली कोणतीही गोळी चुकून पोटात गेली तरी अपाय होत नाही, आणि त्याचे कारण पुढच्या हिशेबात आहे. पण त्या घोळात दोन-तीन दिवस जातात, आणि तापाच्या पोराला ते दिवस महाग पडू शकतात.

नावांचा एक घोळ मात्र खरेच घातक आहे. काली मूर म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. जुन्या जर्मन पद्धतीने त्याला ‘कालियम क्लोराटम’ म्हणतात. ‘काली क्लोरिकम’ म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, तो वेगळाच पदार्थ. तो काड्यापेटीत आणि फटाक्यांत वापरतात आणि पोटात गेला तर तांबड्या पेशी व मूत्रपिंडे खराब करतो. सूक्ष्म पातळ केलेल्या गोळीत दोघांतला फरक जाणवणार नाही, पण कच्चा माल विकत घेताना आणि पहिल्या दोन-तीन पायऱ्यांची भुकटी हाताळताना ही चूक परवडणारी नाही. घरी औषध बनवायच्या फंदात पडणाऱ्यांनी एवढे वाचून थांबलेले बरे.

गोळी तयार कशी होते हे अनेक वर्षे ती घेणाऱ्यांनाही ठाऊक नसते. ‘६एक्स’ यातला एक्स म्हणजे रोमन दहा. एक ग्रॅम क्षार आणि नऊ ग्रॅम दुधाची साखर घ्यायची. साखरेचे तीन-तीन ग्रॅमचे तीन वाटे करायचे. पहिला वाटा चिनीमातीच्या खलात घालून त्यावर क्षार टाकायचा, सहा मिनिटे घोटायचे, चार मिनिटे खलाच्या कडेला आणि बत्त्याला चिकटलेली भुकटी खरवडून खाली आणायची, पुन्हा सहा मिनिटे घोटायचे आणि चार मिनिटे खरवडायचे. मग दुसरा वाटा घालून तेच, नंतर तिसरा घालून तेच. असा एक तास झाला की १एक्स तयार होते. त्यातला एक ग्रॅम घेऊन नऊ ग्रॅम ताज्या साखरेत पुन्हा एक तास घोटले की २एक्स. ६एक्सला सहा तास, १२एक्सला बारा. ही घोटायची रीत हानेमान यांची, शुस्लर यांनी ती तशीच ठेवली. पद्धत होमिओपॅथी नाही म्हणायचे आणि खल मात्र तोच वापरायचा, ही विसंगती त्यांच्या टीकाकारांना साहजिकच खटकत होती. आता कारखान्यांत हे काम यंत्रे करतात आणि भुकटी दाबून तिच्या गोळ्या काढतात.

या कामात काय बिघडते हेही सांगायला हवे. खरवडणे हा कंटाळवाणा भाग असल्याने तोच टाळला जातो. मग भुकटीचा थर कडेला दाबून बसतो, मधली साखर वरवर फिरत राहते आणि क्षार सगळीकडे सारखा पसरत नाही. सिलिका आणि कल्केरिया फ्लोर कठीण असल्याने त्यांचे कण नीट बारीक झाले नाहीत तर पहिल्याच पायरीत गाठी राहतात. मीठ ओल धरते, म्हणून नॅट्रम मूरसाठी ते आधी कोरडे करून घ्यावे लागते. नॅट्रम सल्फचे उलट. त्याच्या स्फटिकातले निम्म्याहून जास्त वजन पाण्याचे असते आणि उघड्यावर ठेवले की ते उडत जाते. त्यामुळे वजन कोणत्या अवस्थेतल्या क्षाराचे करायचे हे आधी ठरवले नाही, तर एक ग्रॅममध्ये क्षार दुपटीने कमी-जास्त होतो. फेरम फॉस घोटलेल्या खलात तो गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवल्याशिवाय दुसरा क्षार घालता कामा नये. आणि जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी हवेत हे काम उघड्या खोलीत केले तर साखर गोळा धरते.

आता गोळीतल्या औषधाचा हिशेब. गोळीचे वजन कारखान्यानुसार थोडे बदलते, मोजायला सोपे जावे म्हणून १०० मिलिग्रॅम धरू. ६एक्समध्ये क्षार दहा लाखांत एक. म्हणजे एका गोळीत क्षार ०.०००१ मिलिग्रॅम, बाकी दुधाची साखर. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून रोज मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. फेरम फॉस ६एक्समधून ६० मिलिग्रॅम नुसता क्षार मिळवायचा, त्यातले लोह तर आणखी कमी, तर सहा लाख गोळ्या खाव्या लागतील. त्यांचे वजन साठ किलो. एवढी दुधाची साखर काढायला बाराशे लिटर दूध लागते, म्हणजे गंगावेशीतला दूधकट्टा कामाला लावावा लागेल. तेव्हा ‘रक्त कमी आहे म्हणून फेरम फॉस चालू आहे’ असे ऐकले की दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात अडकल्या आहेत, हे ओळखावे. शुस्लर स्वतःही या गोळ्यांना अन्नाचा पर्याय मानत नव्हते. दात येताना मुलाला कल्केरिया फॉस द्या किंवा देऊ नका, पण कॅल्शियम मिळणार आहे ते दुधातून आणि नाचणीच्या आंबिलीतून.

हिशेब उलट्या बाजूनेही करून पाहावा. एक ग्रॅम मीठ घेतले आणि त्याचा एकही कण वाया न घालवता सगळे सहाव्या पायरीपर्यंत नेले तर हजार किलो भुकटी होते. तेच बाराव्या पायरीपर्यंत नेले तर दहा लाख टन. आपल्या जिल्ह्यातले मोठे साखर कारखाने अख्ख्या हंगामात जेवढा ऊस गाळतात त्या घरातला हा आकडा आहे. शुस्लर यांची शिफारस साधारणपणे ६एक्सची होती. फेरम फॉस, सिलिका आणि कल्केरिया फ्लोर या तिघांसाठी ते १२एक्स सुचवत. ६एक्सच्या गोळीत क्षाराचे रेणू अजून भरपूर असतात, १२एक्सच्या गोळीतही कोट्यवधी उरतात. दुकानात याच क्षारांच्या ३०एक्स आणि २००एक्स अशा बाटल्याही मिळतात. तिथे एका गोळीत मूळ क्षाराचा रेणू सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही. ज्या माणसाचा सगळा युक्तिवाद ‘रेणू कमी पडतो, तो द्या’ असा होता, त्याच्या नावाने रेणू नसलेली गोळी विकली जाते. याला काय म्हणावे?

मात्रेबद्दल त्यांनी लिहिलेले साधे आहे. तीव्र दुखण्यात वाटाण्याएवढी भुकटी दर तासा-दोन तासांनी, जुनाट दुखण्यात दिवसातून तीन-चार वेळा, कोरडी किंवा चमचाभर पाण्यात. पोटातल्या कळीसाठी मॅग फॉस गरम पाण्यात विरघळवून घोट-घोट घ्यायची चाल अजून टिकून आहे. एका वेळी एक क्षार निवडायचा, हा त्यांचा मुख्य आग्रह. मिश्रणे नंतरची. १ ते २८ क्रमांकांत रक्तक्षयापासून शक्तिवर्धकापर्यंत सगळे बसवले आहे, ते निवडीची कटकट नको म्हणून. पाच फॉस्फेटांची एकत्र गोळी तर आपल्याकडे चहाच्या बरोबरीने घेतली जाते. ती आवडीने घेणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. एवढेच म्हणणे आहे की शेकडो औषधे खाली ठेवून बारा उचलणारा आणि शेवटी बारातलेही एक परत ठेवणारा माणूस त्या मिश्रणांचा जनक असू शकत नाही.

मधुमेही लोक या गोळ्यांतल्या साखरेला घाबरतात. चार गोळ्या चार वेळा म्हणजे दिवसाला सोळा गोळ्या, वजनाने १.६ ग्रॅम दुधाची साखर. एवढ्याने रक्तातली साखर लक्षात येण्याएवढी वाढत नाही. २५ ग्रॅमची बाटली या हिशेबाने पंधरवडाभर जाते. भीती बाळगायची ती दुसऱ्या गोष्टीची. मिश्रणांच्या यादीत ७ क्रमांकासमोर मधुमेह लिहिलेला आहे, तो वाचून डॉक्टरांची गोळी किंवा इन्शुलिन बंद केले जाते. तसे करू नये. दूध पचत नाही अशा माणसालाही एवढी दुधाची साखर सहसा बाधत नाही. जन्मतः गॅलॅक्टोसेमिया असलेल्या बाळाला मात्र ती अजिबात चालत नाही.

शुस्लर यांचे सगळेच लिखाण आज जसेच्या तसे घेण्यासारखे नाही, हे त्यांच्याविषयी आदर ठेवूनच सांगावे लागते. १८७९ मध्ये त्यांनी घटसर्पावर एक पुस्तिका लिहिली आणि त्यात काली मूरवर भर दिला. त्या काळी घटसर्पाचे पोर गुदमरताना बघण्यापलीकडे कोणत्याच डॉक्टरच्या हातात फारसे काही नव्हते. बेरिंग आणि किटासाटो यांचे प्रतिविषावरचे काम १८९० चे. ते आल्यावर चित्र पालटले, आणि पुढे लस आली. आज घशात करडा पापुद्रा दिसला, मान सुजली, की मुलाला उचलून दवाखान्यात न्यायचे. तिथे काली मूरची डबी उघडत बसणे म्हणजे १८७९ सालात राहणे. बाराक्षारांचा परिणाम साध्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त असतो, हे आजच्या कसोट्यांवर सिद्ध झालेले नाही. सर्दी, थकवा, कळ अशा आपोआप ओसरणाऱ्या तक्रारींत घेतले म्हणून नुकसान नाही. दोन दिवसांत न उतरणारा ताप, पुराच्या पाण्यातून चालल्यावर आलेला ताप, छातीत दुखणे, लघवी कमी होणे, लहान मूल मलूल पडणे, यांत फेरम फॉस असो की ११ क्रमांकाचे मिश्रण, त्यावर थांबू नये. सीपीआर, म्हणजे आपले सरकारी रुग्णालय, काही लांब नाही.

पुराचा उल्लेख आला म्हणून एक घरगुती गोष्ट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी अनेक घरांत शिरले. पाण्यात बुडालेल्या डब्यांचे झाकण घट्ट होते, गोळ्या कोरड्या दिसतात, म्हणून त्या ठेवून दिल्या जातात. पुराचे पाणी झाकणाच्या आट्यांतून आत गेले तर डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यात काय काय मिसळलेले असते हे सांगायला नको. अशा डब्या टाकून द्याव्यात. न बुडालेल्या डब्यांतही गोळी बोटाने दाबल्यावर भुसभुशीत लागली, रंग पिवळसर झाला किंवा वास आला तर ती ठेवू नये. एका डबीतल्या उरलेल्या गोळ्या दुसरीत ओतू नयेत. लेबल एकाचे आणि गोळ्या दोघांच्या, असे होऊन बसते.

आपल्या दैनिकाकडे आणि शहरातल्या औषध दुकानदारांकडे मागणी एवढीच आहे. येत्या २१ ऑगस्टला शुस्लर यांच्यावर मजकूर छापाल तेव्हा त्यांना हानेमान यांचे शिष्य म्हणू नका, आणि छत्तिसाव्या वर्षी दिलेली शाळेची परीक्षा व वगळलेला क्षार या दोन गोष्टी त्यात असू द्या. दुकानदारांनी मोठ्या बरणीतून गोळ्या काढून देताना डबीवर नुसता आकडा घालू नये. कारखान्याच्या बाटलीवर औषधाचे नाव, पोटन्सी (६एक्स, १२एक्स वगैरे), उत्पादकाचे नाव-पत्ता आणि बॅच क्रमांक असतो. तो मजकूर सुट्या डबीवर उतरवायला एक मिनिट लागते. मिश्रण असेल तर क्रमांकाच्या आधी ‘बायो-कॉम्बिनेशन’ हा शब्द पूर्ण लिहावा. घरात आधीच असलेल्या आकड्यांच्या डब्या दुकानात नेऊन विचारून घ्याव्यात आणि दुकानदारालाही सांगता आले नाही तर फेकून द्याव्यात. चिठ्ठी अशी असली म्हणजे पुरे: ‘फेरम फॉस्फोरिकम, ६एक्स, गोळ्या, २५ ग्रॅम, बॅच अमुक, भरल्याची तारीख अमुक.’

कळावे,
आपले,
औषधनिर्मिती आणि वैद्यकाच्या इतिहासाचे काही अभ्यासक,
कोल्हापूर